जागच्या जागी

शेजारच्या विचुंबे गावाच्या उरल्यासुरल्या खाचरांतून उपटलेल्या भातरोपांचा ओला, हिरवा वास आला की मला नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीतली ती सभा आठवते आणि भर रस्त्यात हसू फुटतं. जिने झाडणाऱ्या मावशींच्या दहावीतल्या मुलीला आमच्या अभ्यासिकेत बसू द्यायचं का, एवढाच प्रश्न होता. पण जेवणानंतर ढेकर यावा तसं आमच्या अध्यक्षांना तत्त्वज्ञान आलं. सफारीच्या ताणलेल्या बटणांवर हात ठेवून ते म्हणाले, "निसर्गानं प्रत्येक रोपाला त्याची जागा दिलीय. उपटलं की वाढ खुंटते. हे मी नाही, निसर्ग सांगतो." सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. तेवढ्यात दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, भात खाता ना तुमी? त्याचं रोप आमी उपटूनच दुसरीकडं लावतो. हाय तिथंच ठेवलं तर नुसतं गवत माजतं, दाणा धरत नाय." अध्यक्षांनी निसर्गाला तिथंच सोडून चहा मागवला, आणि मुलीला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. ती केव्हाच शिकून पुढे गेली. अध्यक्ष मात्र अजून अध्यक्षपदाच्या त्याच खुर्चीत आहेत, आणि दर सभेत मी त्यांना नीट न्याहाळून बघतो, दाणा धरलाय का ते.