उष्टावणाचा तांदूळ

नऊ नोव्हेंबर, रविवार. लॅबच्या तपासणीची रक्कम छत्तीसशे रुपये: एक नमुना तांदळाचा, एक मातीचा. हजर मी, माझी मुलगी आणि दादा, म्हणजे बेटम्याजवळचं आमचं भाताचं खाचर करणारा माझा मोठा भाऊ.

मुलीनं बाळाच्या खाण्याच्या डब्यावर 'जड धातूंची तपासणी केलेली' असं वाचलं होतं. "बाबा, आपल्या तांदळाची कधी केली?"

आमच्या घरी प्रत्येक मुलाच्या उष्टावणाची खीर त्याच खाचरातल्या नव्या तांदळाची होते. माझी झाली, तिची झाली. नातीचं उष्टावण तीन आठवड्यांवर आलं होतं.

दादा हसला. "अरे भिया, चोवीस वर्षांचं रजिस्टर आहे ना तुझ्याकडे. त्यात बघ, लिहिलं असशील."

रजिस्टर आहे. दर हंगामाला बिघ्यामागे फॉस्फेटची पोती किती, युरिया किती, तांदूळ किती उतरला. पोती वाढवायचा सल्ला माझा. कापणीआधी पाणी लवकर काढून टाक, दाणा कोरडा मिळतो, हाही माझाच. दोन्ही माझ्या अक्षरात, तारखेसकट. पोत्यात फॉस्फेटबरोबर आणखी काय येतं, हा रकाना मी कधी आखला नाही.

रिपोर्ट घ्यायला एकटाच गेलो. तांदळातलं कॅडमियम, तोच जड धातू, मोठ्यांच्या मर्यादेच्या काठावर होतं, बाळांच्या मर्यादेच्या बरंच वर. लॅबमधल्या बाईंनी समजावलं: खतातून दर वर्षी चिमूटभर येतं आणि मातीतच राहतं. खाचरात पाणी उभं असलं तर पीक ते कमी ओढतं.

"आप पानी कब निकालते हैं?" त्यांनी विचारलं.

मी दिवस सांगितले. रजिस्टर उघडावं लागलं नाही.

दादाला फोन करायला हवा होता. रोज उद्यावर ढकललं. उष्टावणाच्या सकाळी तो पाच किलोची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"चूल्हा पेटला का? नवा तांदूळ आणलाय."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि बोटानं ओळ दाखवली. त्यानं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"म्हणजे मी आणि तुझी वहिनी इतकी वर्षं जहर खातोय?"

"तसं नाही म्हणत कोणी. पण बाळाला नको."

"आणि जो घरात भरून ठेवलाय?"

त्यानं चष्मा काढला. "पोती तू सांगितलीस तेवढीच टाकली मी," एवढं म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. पिशवी त्यानं स्वतःच उचलून गाडीत ठेवली. पंगतीला बसला, खीर मात्र घेतली नाही. संध्याकाळी घरी जाऊन तो तोच भात जेवला असणार.

खीर छत्रीबागेतल्या वाण्याकडच्या अर्धा किलो तांदळाची झाली. तो तांदूळ कुठल्या शेतातला, तिथे किती वर्षं कोणतं खत पडलंय, हे मी वाण्याला विचारलं नाही. त्यालाही माहीत नसतं.

लॅबला छत्तीसशे रुपये दिले, वाण्याला पस्तीस. दादाला त्याच्या तांदळाचे पैसे मी कधीच दिले नव्हते. या वर्षी देऊ केले, त्यानं घेतले नाहीत.