चेनकाकांच्या कमेंटा

बॅगेची चेन अडकली, पर्सची निसटली, जाकिटाची मधूनच फाकली, की त्या भागातली माणसं चेनकाकांकडे जायची. काकांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. दुकान म्हणाल तर दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं, एवढंच. भिंतीला खिळे, खिळ्यांना रंगीबेरंगी चेनींच्या गुंडाळ्या, टेबलावर बरण्या आणि बरण्यांत रनर. रनर म्हणजे चेन लावताना पुढेमागे सरकतो तो चिमुकला तुकडा. काकांचं म्हणणं, चेन बिचारी गरीब असते, लबाड असतो तो रनर.

काका बोलायचे कमी आणि रागवायचे जास्त. बॅग समोर आली की आधी बॅगेकडे बघायचे, मग माणसाकडे.

"किती कोंबलंत हिच्यात?"

"जास्त नाही काका."

"मग ही काय स्वतःहून फुटली? कंटाळली तुम्हाला?"

लोकांना त्याचं वाईट वाटायचं नाही. हक्काने रागावणारं माणूस सगळ्यांनाच कुठे मिळतं, आणि वर चेनही दुरुस्त व्हायची.

पुढे काय झालं, दुकानासमोर मोठी इमारत उभी राहिली. दुकान गेलं तिच्या पाठीमागे. रस्त्यावरून दिसायची नुसती भिंत आणि भिंतीला टेकवलेल्या सायकली. जुनी माणसं काही दिवस सवयीने वळसा घालून आली, मग तीही येईनाशी झाली. काका सकाळी शटर उघडायचे, बरण्या पुसायचे, आणि संध्याकाळी त्याच पुसलेल्या बरण्यांकडे बघत शटर ओढायचे.

मुलगा म्हणाला, "बाबा, पुष्कळ केलंत. वर्ष संपलं की दुकान बंद करू. घरी आराम करा."

आराम या शब्दाचीच काकांना धास्ती होती. त्यांचा धाकटा भाऊ असाच आरामाला बसला होता. आता तो खिडकीत बसून कोण किती वाजता आलं-गेलं ते सगळ्यांना सांगतो, आणि कुणी विचारलेलं नसतं. काकूंनाही धास्ती कमी नव्हती. "हे दिवसभर घरात राहिले तर माझ्या डब्यांची झाकणं उचकटून पुन्हा बसवत बसतील. त्यापेक्षा मीच दुकानात जाऊन बसते."

वाट काढली सूनबाईने. लोकांची दुकानं इंटरनेटवर दिसावीत, हेच तिच्या ऑफिसचं काम. तिने दुकानाचं एक पान तयार केलं, त्यावर पत्ता टाकला, फोटो टाकला. फोटोत काका रागावलेलेच आले.

"आता एवढ्यावर भागत नाही, बाबा," ती म्हणाली. "लोक ब्लॉग लिहितात. तिथे जायचं, खाली कमेंट करायची. वाचणाऱ्याने तुमच्या नावावर बोट ठेवलं की आपलं पान उघडतं."

काकांना वाटलं, हे तर सोपं आहे. एकच ओळ त्यांनी तयार ठेवली, 'सर्व प्रकारच्या चेन दुरुस्त करून मिळतील', आणि दुपारभर दिसेल तिथे चिकटवत सुटले. टोमॅटोच्या रोपांवर कुणी लिहिलं होतं, त्याखाली. घराला रंग कुठला द्यावा, त्याखाली. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी ती ओळ पुसून टाकली. एकाने मात्र उत्तर दिलं होतं. "काका, माझं मांजर गेलं, त्याबद्दल मी लिहिलं आहे."

काकांनी फोन पालथा ठेवला. जेवताना तो सूनबाईपुढे सरकवला.

सूनबाई आधी पोट धरून हसली, मग शेजारी येऊन बसली. "बाबा, कुणाच्या घरी गेलात तर दारातूनच ओरडता का? आधी बसता. त्यांचं काय चाललंय ते ऐकता. इथेही तसंच. सगळं वाचायचं, आपल्याजवळ उपयोगाचं काही असेल तर बोलायचं. नसेल तर गुपचूप परत यायचं."

"मांजरवाल्याची माफी मागू?"

"मागा की."

काकांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'चुकलं. मांजराचं वाचून वाईट वाटलं. माझं काही काम नाही.'

त्यानंतर काका खरोखर वाचायला लागले. शाळा अर्धी सुटलेली, त्यामुळे ओठ हलवत, सावकाश. पण दुकानात वेळच वेळ होता. आणि एक दिवस त्यांना एका मुलीचा ब्लॉग सापडला. ती एकटी देशोदेशी फिरायची. स्टेशनवर तिच्या बॅगेची चेन फुटली आणि सगळ्या लोकांसमोर कपडे सांडले, ते तिने मजेत लिहिलं होतं. काकांना मजा वाटली नाही. त्यांनी फोन जवळ ओढला.

'पोरी, चूक तुझी आहे. बॅगेवर बसून चेन ओढायची नसते. चेन चांगली आहे, फोटोत दिसते. रनर सैल झाला आहे. तो मागे ने. दोन्ही बाजूंनी पकडीने हलकेच दाब. दातांवर मेणबत्ती घास. आणि तीन स्वेटर कशाला नेतेस?'

सूनबाईने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही तिला झापलंय."

पण मुलीचं उत्तर आलं. चेन चालू झाली होती. तिने लिहिलं, "आजोबा, स्वेटर दोनच होते, शपथ." मग त्याच जागी दुसऱ्याने आपल्या तंबूच्या चेनीचं विचारलं, तिसरीने बुटाच्या. काका एकेकाला आधी रागावायचे, मग सांगायचे. लोक नुसतं ते रागावणं वाचायला यायला लागले.

दुकानात मात्र कुणी येईना. येणार कसं? काकांनी सांगितलेलं करून सगळ्यांच्या चेनी घरच्या घरी लागत होत्या.

"छान चाललंय," काकू म्हणाल्या. "जगाला शिकवणी, आणि बरण्यांना धूळ."

सूनबाईलाही काळजी लागली. वर्ष संपत आलं होतं. "बाबा, निम्मंच सांगा. पुढचं दुकानात या म्हणावं."

काकांनी करून बघितलं. कुणाच्या प्रवासी बॅगेबद्दल लिहायला घेतलं, 'रनर मागे ने' इथवर आले आणि थांबले. अर्धी चेन लावून गिऱ्हाइकाला बाहेर काढल्यासारखं वाटायला लागलं. थोड्या वेळाने त्यांनी उरलेलंही लिहून टाकलं, आणि सूनबाईला सांगितलंच नाही.

मग एका सकाळी शटर वर गेलं तर दारात एक गृहस्थ उभे. काखेत बॅग, बॅगेला टॉवेल गुंडाळलेला.

"तुम्हीच ना ते रागावणारे? तुम्ही लिहिलंत तसंच केलं. रनर तुटला."

काकांनी रनर हातात घेतला. पार चेपला होता. "हलकेच म्हटलं होतं मी."

"हलकेच दाबला की."

"हा हलकेच? तुम्ही अंडं कशाने फोडता, हातोडीने?"

रागावले खरे, पण आतून खजील झाले. त्यांच्या हाताला जे हलकेच, ते दुसऱ्याच्या हाताला कसं कळावं? त्यांनी नवा रनर घातला, चेन तीनदा फिरवून दाखवली. दुपारी एक बाई आल्या, त्यांचाही रनर चेपलेला. मग जोडपं आलं, रनर कुणी मोडला यावर वाटेतच भांडून आलेलं. दुकान कसं सापडलं म्हणाल, तर नावावर बोट ठेवून. आणि आल्यासरशी कुणी दुसरी बॅग आणली, कुणी आईची पर्स.

त्या संध्याकाळी काका जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसले. "नीट लिहायला हवं. माझ्यामुळे लोकांचं नुकसान होतंय."

"लिहू नका," काकू म्हणाल्या. "आत्ता कुठे गिऱ्हाईक यायला लागलंय."

"हलकेच म्हणजे किती, ते कसं सांगायचं तेवढं सांग."

काकूंनी तोंड फिरवलं. भांडी विसळली. ओट्यावरून फडकं फिरवलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "झोपलेल्या पोराच्या मुठीतून खुळखुळा काढतो ना, तेवढ्या हाताने."

काकांनी ते जसंच्या तसं लिहिलं, आधीच्या प्रत्येक कमेंटखाली, एकही न सोडता.

वर्ष संपताना मुलगा दुकानात आला, ठरलं होतं ते बोलायला. दारात तीन माणसं उभी होती, आत काका कुणाला तरी झापत होते. मुलगा चौथा. त्याने तोंड उघडायच्या आत काकांनी त्याच्या हातात एक भली मोठी बॅग दिली.

"धर. दोन्ही कडा जवळ आण. ओढू नकोस."

"बाबा, मी काय म्हणत होतो..."

"धर म्हटलं ना. हलकेच."

मुलाने बॅग धरली. पुढचा तासभर तो ती धरूनच उभा होता.