देवाला वाहिलेली नवी प्रजाती

वनस्पतिशास्त्राला तोवर ठाऊक नसलेलं एक फूल मी संकष्टीच्या सकाळी आमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला वाहिलं. हेतू शुद्ध होता. (माझे हेतू नेहमीच शुद्ध असतात, असं शैला म्हणते. त्यापुढे ती जे म्हणते ते इथे सांगत नाही.)

शैला माझी बायको. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी विम्याच्या कचेरीत कारकून होतो. विश्रांतवाडीला आम्ही तळमजल्यावर राहायचो. मागच्या अंगणात तिच्या कुंड्या होत्या आणि त्यांतल्या एकीत कमरेएवढं झुडूप होतं. पानांना मागून पांढरी लोकरीसारखी लव. घाटमाथ्यावरच्या एका कड्यावरून तिनं त्याची फांदी आणून लावली होती. झुडूप शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. जाणकार म्हणत, ही पुस्तकातलीच ओळखीची जात आहे. शैला म्हणायची, ही वेगळी आहे, पण फूल पाहिल्याशिवाय सिद्ध करता यायचं नाही. मग कड्यावरची झुडपं वणव्यात गेली आणि उरलं ते फक्त आमच्या कुंडीतलं. तीन वर्षं ती त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, तसं माझ्याकडे लग्नातही कुणी पाहिलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्याला कळी आली. एकच. ही बातमी शैलानं मला चार वेळा सांगितली म्हणे. मी चारही वेळा पेपराआडून "हं" म्हणालो असणार.

त्या सकाळी परीक्षेच्या कामासाठी ती लवकर गेली. फुलपुडी आली नव्हती. मी अंगणात गेलो, तर जांभळं, टवटवीत फूल उमललेलं. म्हटलं, देवाची कृपा. शिवणाची कात्री आणून चार पानांसकट कापलं आणि गणपतीच्या डोक्यावर ठेवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शेजारच्या देसाईवहिनी अंजलीला घेऊन नमस्काराला आल्या. अंजलीचं लग्न ठरायचं होतं. मुलाच्या आजोबांना जिना उतरवत नाही, म्हणून त्या दुपारचा दाखवायचा कार्यक्रम त्यांच्याच घरी, बुधवार पेठेत होता. तिची साडी जांभळी. मी मोठ्या मनानं गणपतीवरचं फूल उचललं.

"घे, माळ केसांत. देवाचं आहे, काम होईल."

दुपारी शैला आली ती थेट अंगणात गेली.

"अहो, फूल कुठंय?"

"देवाला वाहिलं."

ती चिडली नाही. पायरीवर बसली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"ते फूल अजून कुणीच नीट पाहिलेलं नाही," ती हळू म्हणाली. "मला एकदाच बघायचं होतं." मग उठली. "देव्हाऱ्यातच असेल ना?"

आता दुसरा अध्याय सांगणं आलं.

ती स्कूटरवर मागे बसली आणि आम्ही बुधवार पेठ गाठली. पत्ता आम्हाला एवढाच ठाऊक, की रेडिओच्या दुकानाच्या वर.

"रेडिओचं दुकान कुठंय हो?" मी एका दुकानदाराला विचारलं.

त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सावकाश बघितलं. "आपण डोळे मिटून आलात का?"

रस्ताभर रेडिओचीच दुकानं होती. एकेका दुकानाशेजारचा जिना चढत गेलो, तेव्हा चौथ्या जिन्यावर आम्हाला वहिनींचा आवाज ऐकू आला. दार उघडं होतं. पोह्यांच्या बशा फिरत होत्या, अंजली मान खाली घालून बसली होती. शैला कुणालाही नमस्कार न करता तिच्या मागे जाऊन उभी राहिली. पर्समधून भिंग काढलं आणि तिच्या केसांत बघू लागली.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली.

"मुलीच्या केसांत काही आहे का?"

"छे हो," मी घाईनं म्हणालो. "एकच आहे. आमच्याच घरचं. तीन वर्षं वाढवलंय."

देसाईवहिनींनी डोळे मिटून घेतले.

"हलू नकोस, अंजू," शैला पुटपुटली, आणि टाचणीच्या टोकानं मोठ्यानं मोजायला लागली. "सात... आठ... नऊ..."

मुलाची आई सोफ्यावर जरा लांब सरकली.

"अकरा." शैलानं मान वर केली. तिचे डोळे भरले होते. "अकराच आहेत. पुस्तकातल्या जातीत तीसच्या वर असतात."

मग भान येऊन तिनं सगळ्यांची माफी मागितली आणि समजावून सांगितलं. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते या कुळात एक नसतंच. दाटीवाटीनं बसलेली ती अनेक फुलं असतात, आणि प्रत्येकाला आपापलं सगळं असतं.

आजोबांनी भिंग मागितलं. अंजली त्यांच्यापुढे पाठमोरी बसली. ते बराच वेळ बघत राहिले.

"शेवंतीचंही असंच?"

"हो, आजोबा."

"म्हणजे मी एकवीस म्हणून वाहिली, ती..."

"हजारांनी झाली."

आजोबांनी हात जोडले. देवाला की शैलाला, ते कळलं नाही.

मीही पाहिलं. नखाएवढ्या जागेत जांभळ्या अकरा नळ्या, प्रत्येकीला पाच पाकळ्या, आणि मधून वर आलेली दुहेरी टोकाची बारीक जीभ. हे सगळं मी सकाळी बोटांच्या चिमटीत धरलं होतं आणि मला एक रंगच दिसला होता. मी गुपचूप भिंग पुढे दिलं. नवऱ्या मुलानं सगळ्यांत जास्त वेळ घेतला. तो नक्की काय बघत होता, हे शैलानं विचारलं नाही. लग्न जमलं.

फूल चार पानांसकट कागदावर वाळलं. पुढच्या वर्षी झुडूप बहरलं, मोजणी पुन्हा झाली, तीच निघाली, आणि नवी प्रजाती जाहीर झाली. पण पहिल्या नमुन्यावर तो गोळा करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं आणि शैला खोटं लिहीत नाही. त्यामुळे तिथे माझं नाव आहे. परदेशातल्या एका तज्ज्ञांनी मला आदरानं पत्र लिहून विचारलं, नमुना आपण कोणत्या पद्धतीनं गोळा केलात? मी प्रामाणिकपणे कळवलं: सकाळी, आंघोळ करून, सोवळ्यात. त्यांनी उलटटपाली विचारलं, 'सोवळं' हे उपकरण कुठे मिळेल?

शैलानं पत्र वाचून घडी घातली. "पाठवा हवं तर," ती म्हणाली. "फक्त सोबत तुम्ही जाऊ नका. त्यांच्याकडेही दुर्मिळ झाडं असतील."