ठोकून पाहणाऱ्याची साक्ष

घनश्यामभाऊंनी आयुष्यात कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून काही मानलं नाही. भाजीवाल्याने भेंडी कोवळी म्हटली तरी हे शेंडा मोडून बघणार. डॉक्टरने ताप उतरला म्हटलं तरी घरी येऊन पुन्हा थर्मामीटर लावणार. चिखल्याच्या मँगनीज खाणीत ते मेट आहेत, म्हणजे जमिनीखालच्या टोळीवर देखरेख ठेवणारे. लोखंडी सळईने छताचा दगड ठोकायचा. खणखणीत वाजला तर पक्का, भद्द वाजला तर सुटलेला. तीस वर्षं दगडाचा संशय घेतलेला माणूस माणसांनाही ठोकूनच बघतो. मीही तिथेच मेट, भुपेंद्र. ते पहिल्या पाळीत, मी दुसऱ्या; पाळी संपताना त्यांनी लिहिलेला छताचा रिपोर्ट वाचूनच मी खाली उतरतो. त्यांचा संशयी स्वभाव मला पसंतच होता, कारण माझा जीव त्यावर अवलंबून होता.

म्हणून हा माणूस ख्रिस्ती झाला तेव्हा मी चाट पडलो. खरं सांगतो, मलाही संशय आला. याला कुणी काय दाखवलं असेल?

सुरुवात रुखमिणीवहिनींनी केली. शेजारच्या सरिताबरोबर त्या तुमसरला प्रार्थनेला जायला लागल्या. भाऊ मागोमाग गेले ते चोर पकडायला. पास्टर विनोदने आजाऱ्याच्या कपाळाला लावलेलं तेल त्यांनी हुंगून पाहिलं. साधं खोबरेल निघालं, तर त्याचाही संशय! दोन वर्षं त्यांनी पाळत ठेवली. घरी शास्त्र, म्हणजे बायबल, आणून ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग एक दिवस दोघांनी बावनथडी नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. सख्ख्या भावाने बोलणं टाकलं, गावाने कुजबुज केली. भाऊंनी कुणालाही काही समजावून सांगितलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर वहिनी किडनीच्या आजाराने गेल्या. शेवटच्या दिवशी नवऱ्याचा हात धरून म्हणाल्या, "मी समोर जाऊन राहिली. तुमी मागून या." त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. भीती राहिली ती भाऊंच्या वाट्याला.

तीन-चार महिन्यांनी एका शनिवारी ते माझ्या घरी आले. चहा पुढे ठेवला, तो तसाच निवत राहिला.

"भुपेंद्रा, रविवारी प्रार्थनेत सारे साक्ष देतेत, देव कसा भेटला ते सांगतेत. कोणी म्हणते अंगात करंट आला, कोणी म्हणते उजेड दिसला. सरिता तं रडूनच देते. मले काहीच नाही झालं. पाण्यात गेलो, वल्ला होऊन निघालो."

"मग?"

"मग का? मले माहाच शक येऊन राहिला. मी खोटा असीन तं? ती तिथं पोचली, अन् मले दारातूनच वापस केलं तं?"

"पास्टरले विचारलं का?"

"विचारलं. म्हणे, वाटन हळूहळू." त्यांनी छातीवर दोन बोटं आपटली. "रोज ठोकून पाहतो. भद्दच वाजते."

मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो. म्हटलं, आता हा माणूस माघारी येईल. "सोडून द्या ना भाऊ," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखा चेहरा. आणि लाज वाटली की मला राग येतो.

"भाऊ, तुमी ठोकून कायले राहिले? स्वतःले? अकरा वर्षं झाली, तुमचा रिपोर्ट वाचतो, खाली सही करतो अन् खाणीत उतरतो. कधी अंगात ताप रायते, कधी घरी भांडून येतो, कधी नुसतंच भेव वाटते. माह्या भेवानं छत पडलं का? माह्या हिमतीनं टिकलं का? ज्यानं लिवलं त्यानं डोयानं पाहून, हातानं ठोकून लिवलं. म्हणून उतरतो मी."

"खाली जाऊन तू बी ठोकतंस ना?"

"ठोकतो. पण तिथवर पोचतो कोणाच्या भरवशानं?"

त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. मग पिशवीतून त्यांनी शास्त्र काढलं, शेवटाकडे येशूच्या शिष्याचं, योहानाचं पत्र उघडलं आणि बोट फिरवायला लागले. तो लिहिणारा म्हणतो, आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं, तेच सांगतो. आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्या तुम्हाला कधी न संपणारं जीवन मिळालंय, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

"पन्नास खेपा वाचलं मी हे," भाऊ म्हणाले. "हातानं चाचपलं म्हणते हा."

पण एवढ्यावर मानतील तर ते घनश्यामभाऊ कसले! "लिवणाराच लबाड असन तं?" त्यांनी मलाच विचारलं, जसा काही मी पास्टर. तासभर त्यांनी पानं उलटली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मेट आपली चूक रिपोर्टात लिवत नाही. हे येशूचे शिष्य लिवतेत. येशूले धरलं तवा आमी पळून गेलो, तो जिता झाला हे आयकून आमचा भरोसा बसला नाही, सारं लिवतेत. लबाड माणूस असं कायले लिवन?" मी कपाळावर हात मारला. माणसाला सोडवायला बसलो होतो आणि गाठ आणखी पक्की करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन, माझ्याच गाडीवरून, तुमसरला प्रार्थनेला गेले. विनोदने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची? भाऊ उभे राहिले. मी मागच्या रांगेत अंग चोरून बसलो होतो, या लोकांनी त्यांना काही पढवलं तर नाही ना, हे बघत.

"मले काही वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "आजही वाटून नाही राहिलं. ज्याइनं पाह्यलं, त्याइनं लिवून ठेवलं. मी ते तपासलं. खाली माही सही आहे. बस."

ते बसले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमेन म्हणावं की नाही, विनोदलाही समजेना.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, गाडी कब्रस्तानाकडे घे. वहिनींना पुरल्यापासून त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ते मातीजवळ बसले, उगवलेलं गवत उपटलं, हात झटकले.

"रुखमे," ते म्हणाले, "मले यायले उशीर झाला. आपली भेट होते का नाही, तेच समजत नव्हतं."

मी ख्रिस्ती झालेलो नाही, होणारही नाही. पण मला त्या माणसाचा हेवा वाटला. मी गाडी थोडी लांब नेऊन लावली आणि वळून पाहिलं, तर आपल्याला काही वाटत नाही म्हणणारे घनश्यामभाऊ ढसाढसा रडत होते.