कुत्र्याला पाण्यापलीकडे नेताना

कुत्रा सासूबाईंचा. पिल्लू असताना आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या गेटपाशी त्यांना सापडला आणि राहिला. गेल्या दिवाळीनंतर त्याच्यातच पाय अडकून त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "पायात येईल असं घरात काही नको. पायपुसणी, सतरंज्या, कुत्रा."

पायपुसणी आणि सतरंज्या त्याच संध्याकाळी माळ्यावर गेल्या. कुत्रा माळ्यावर टाकता येत नाही.

माझे एक चुलत दीर पानशेतच्या बाजूला, धरणाच्या पलीकडच्या काठावर राहतात. ते म्हणाले, "आणा वहिनी. अंगण आहे, राहील." सासूबाईंना विचारलं, तर त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुला योग्य वाटेल ते कर." आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. नवऱ्याला त्या रविवारी नेमकं काम निघालं, आणि मी एकटीच कुत्र्याला गाडीत घालून निघाले.

तेव्हा मी फार दमले होते. सासूबाई रात्रीतून तीन-चारदा हाक मारायच्या. पाणी, कूस, भांडं. सकाळी मी ऑफिसला जायचे आणि स्क्रीनसमोर डोळे उघडे ठेवायचे. एक कुत्रा कमी झाला तर तेवढंच ओझं उतरेल, असा माझा साधा हिशेब होता.

धक्क्यावर गाडी ठेवून लाँचमध्ये बसले. ही लाँच काठाकाठाने गावं घेत धरणाच्या टोकापर्यंत जाते आणि तशीच परत येते. उतरणारा बोलला किंवा काठावरून कुणी कापड हलवलं, तरच थांबते. दीर टॉवेल घेऊन उभे राहणार होते. इंजिन सुरू झाल्यावर कुत्रा थोडा थरथरला, मग माझ्या दोन्ही पावलांवर आडवा पसरला.

शेजारी टोकाच्या गावाची एक म्हातारी बसली होती. मांडीवर भाजीची रिकामी पाटी.

"पाण्यापार सोडायला चाललीस व्हय?" तिने विचारलं. "बरं केलंस. पाणी ओलांडलं की वास तुटतो. मग माघारी येत न्हाई. आमी मांजरं अशीच सोडतो."

"सोडायला नाही, नातेवाइकांकडे द्यायला," मी म्हटलं. "आणि हा कसला परत येतोय? घरासमोरचा रस्ता ओलांडायलाही याला सोबत लागते."

"मग तर लईच ग्वाड," ती म्हणाली.

भूक लागली म्हणून पिशवी उघडली, तेव्हा लक्षात आलं की डबा मी फक्त कुत्र्याचा भरलाय. दूध-पोळीचा. स्वतःचा ओट्यावरच राहिला होता. कोरड्या दोन पोळ्या वर होत्या, त्या आम्ही तिघांनी वाटून खाल्ल्या. म्हातारीने शेंगा काढल्या. पाणी सपाट होतं, ऊन पाठीवर येत होतं, पावलं कुत्र्याच्या पोटाखाली गरम झाली होती. दिरांचं गाव दिसेपर्यंत जागं राहायचं असं ठरवल्याचं आठवतं. पुढचं आठवत नाही.

इंजिन बंद झालं तेव्हा जाग आली. पाणी संपलं होतं. टोकाचं गाव.

"माझं उतरायचं गाव कुठे गेलं?"

"मागं ऱ्हायलं," लाँचवाला म्हणाला. "मी थांबवणार होतो, या आजीनं नको म्हटलं."

मी म्हातारीकडे वळले. "आजी, उठवायचं नाही का?"

"तोंड बघ जरा तुझं," ती पाटी उचलत म्हणाली. "कुत्रं सोडायला निघालीस का झोपायला? परतीला उतर की. धरण काय पळून जातंय?"

आणि उतरून गेली.

दिरांचा फोन आला. "वहिनी, टॉवेल फिरवून हात भरून आले! तुम्ही समोरून गेलात. कुत्रा माझ्याकडे बघत होता, तुम्ही नाही."

"झोप लागली. परतीला येते."

परतीच्या लाँचमध्ये मी जागी होते, आणि कित्येक महिन्यांनी डोकं चालत होतं. कुत्र्याचं रोजचं काम किती? सकाळ-संध्याकाळ फिरवणं आणि एक वाडगा धुणं. तो दिला तरी रात्रीची एकही हाक कमी होणार नव्हती. जे जड होतं ते घरीच राहणार होतं, आणि जे हलकं होतं तेवढं मी धरणापलीकडे पोहोचवायला निघाले होते.

दीर काठावर उभेच होते. लाँच लागली. कुत्रा उठून उभा राहिला, मीही राहिले. मंडईतून आणलेली द्राक्षांची पिशवी त्यांच्या हातात दिली. कुत्र्याची दोरी माझ्याच हातात ठेवली.

"आणि हा?"

"राहू दे याला. माझंच गणित चुकलं होतं."

"म्हणजे एवढ्या लांब द्राक्षं द्यायला आलात?"

"हो. धुऊन खा."

घरी पोहोचले तर नवऱ्याने दार उघडलं. "अगं, परत आणलास?"

"हो. आजपासून एक दिवसाआड रात्री आईंकडे तुम्ही उठायचं."

"मला सकाळी ऑफिस असतं."

"मलाही असतं."

ते आईंच्या खोलीकडे बघत राहिले. कुत्रा तोवर आत गेला होता, आणि थोड्या वेळाने सासूबाईंचा आवाज आला, "याला पाण्याचा वास येतोय. आंघोळ घाल आधी."

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून त्यांच्या खोलीच्या दाराला गुडघ्याएवढी, काढता येणारी फळी बसवून घेतली. सासूबाईंना चालवताना कुत्रा फळीबाहेर. एरवी त्या पलंगावरून पोळीचे तुकडे फेकतात, तो बाहेरून झेलतो. हे आधी कुणालाच का सुचलं नाही, माहीत नाही. दमलेल्या माणसाला सुचत नाही.

त्या फळीला आजवर एकच माणूस ठेचकाळलाय. माझा नवरा. रात्री, आईंची हाक ऐकून जाताना.