शेवटून सुरू केलेलं पुस्तक

आमच्या मूर्तिजापुरात पंखा बिघडला तर दुरुस्तीला तीन जण धावून येतात. चष्मा करायचा तर मात्र अकोल्याची गाडी धरावी लागते. याला जबाबदार आमचे विज्ञानाचे तायडे सर, असं खुद्द सरांचंच म्हणणं होतं. "विद्युतधारेचा पाठ येते पोळ्याच्या आसपास. पोट्टे ताजे, मीबी ताजा. भिंगाचा येते दिवाळीच्या तोंडावर. अर्धा वर्ग मामाच्या गावाले. मंग गावात चष्मेवाला कुठून होईन?"

जुने विद्यार्थी सरांना नावाने आठवत नसत, पाठाने आठवत. रस्त्यात कुणी पाया पडलं की ते विचारत, "कोणता पाठ रे तू?" आणि चांगला दोन पोरांचा बाप असलेला वेल्डिंगवाला मान खाली घालून सांगे, "धातुविज्ञान, सर."

शेवटचा पाठ मात्र कुणाच्याच वाट्याला येत नसे, कारण तो कधी शिकवूनच होत नसे. सरांच्या तीस वर्षांत पुस्तकं बदलली, पण आधी गॅदरिंग, मग सराव परीक्षा, आणि शेवटची पानं तशीच कोरी करकरीत. आमच्या पुस्तकात शेवटी 'अवकाश मोहिमा' होत्या. "आपल्या गावातून कोणी अवकाशात गेलं नाही, ते यामुळेच," सर गंभीरपणे सांगत. "अक्कल कमी नाही आपल्यात. सिलॅबसच पुरत नाही."

मला नेमका तोच पाठ हवा होता. माझे बाबा एसटीत कंडक्टर, आणि त्यांनी माझं डॉक्टरकीचं तिकीट मी सातवीत असतानाच फाडून ठेवलं होतं. अकोल्याचा क्लास, राहायची खोली, सगळं ठरलेलं. मी मात्र दुसऱ्याचं बोट कापलं तरी घेरी येऊन पडणारी मुलगी. उपग्रहांची पानं मी सुट्टीतच चार वेळा वाचली होती, पण बाबांपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती. म्हणून दहावीच्या पहिल्याच दिवशी सरांना विचारलं, "सर, शेवटचा पाठ शिकवाल ना?"

ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्यांनी जाहीर केलं, "औंदा पुस्तक मागून सुरू."

उपग्रह शिकवायला त्यांनी डस्टर सुतळीला बांधला आणि डोक्यावर गरगर फिरवला. सुतळी तुटली. डस्टर खिडकीतून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला आणि तिकडून चहाचा कप फुटल्याचा आवाज आला. "पाह्यलं?" सर आनंदाने म्हणाले. "कक्षा सोडली त्यानं!" मी इतकी खूश झाले होते की टाळ्याच वाजवल्या.

वर्ष नेहमीप्रमाणे कमी पडलं. फक्त यावेळी राहून गेला तो पहिला पाठ, गुरुत्वाकर्षण. आणि बोर्डाने नेमकं त्याच्यावरच भरभरून विचारलं. आमच्या तुकडीला गुरुत्वाकर्षण लागूच झालं नाही, गुण तेवढे खाली आले. अकोल्याच्या क्लासच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. बाबा मला घेऊन थेट सरांच्या घरी गेले.

"सर, तुमी माह्या पोरीचं वाटोळं केलं!"

"चूक माहीच हाये, भाऊ," सर म्हणाले. "राह्यलेला पाठ शिकवून देतो."

"आता? निकाल लागला ना!"

"निकाल लागला म्हणून वस्तू खाली पडाच्या थांबल्या काय?"

आणि त्यांनी खरोखरच सगळ्या वर्गाला निरोप धाडले. वऱ्हाडातलं ऊन, शाळेमागचा कडुनिंब, खाली आम्ही एकोणीस जण. निम्मे, सर उसाचा रस पाजतील या आशेने आले होते. बाबा मागे उभे, विनातिकीट प्रवासी पकडल्यावर उभे राहतात तसे. सरांनी लिंबू वर फेकलं, झेललं, पुन्हा फेकलं.

बाबांना राहवेना. "सारं खाली पडते, तं मंग उपग्रह काहून पडत नाही?"

सर उत्तर देणार तेवढ्यात थांबले आणि स्टुलावर बसले. खडू माझ्यापुढे धरून म्हणाले, "सांग तुह्या बाबाले."

मी सांगितलं. तो पडतच असतो बाबा, पण इतका सुसाट पुढे जात असतो की खालची जमीनच वळून निसटते. मग तो काय काय पाहतो, ढग, नद्या, पिकं, तेही सांगितलं. खडू संपला तेव्हा मी थांबले. बाबांपुढे एवढं मी जन्मात बोलले नव्हते.

बाबा मला घेऊन घरी आले. दारात चप्पल काढताना म्हणाले, "गणित घे. एवढी बडबड दवाखान्यात कोणी ऐकून नाही घेत."

आज मी अकोल्यात उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करते. गेल्या वर्षी सर अंगणात घसरले, खुबा मोडला आणि त्यांना इकडेच दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेले, तर पडल्या पडल्या हसत म्हणाले, "पैल्या पाठानं गाठलंच शेवटी."

मी मोबाइलवर वरून टिपलेलं मूर्तिजापूर काढलं. शाळेची पत्र्याची छपरं, मागे हिरवा ठिपका. तो कडुनिंब, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं. मोबाइल हातात घेऊन एकेक छप्पर बोटाने मोजलं. त्याच आठवड्यात ते गेले, आणि त्यांच्या आठवणीने मला अजून रडू येतं. पण त्या दिवशी मोबाइल परत देताना त्यांचा चेहरा गॅदरिंगच्या दिवशीच्या पोरासारखा खुलला होता.

"चला," ते म्हणाले, "सिलॅबस पुरा झाला."