मशीन अंगणातच राहील!

जनरेटरच्या धंद्यात डिझेल संपतं, पेट्रोल संपतं, किस्से काही संपत नाहीत. धुळ्यात मी आणि नाना जनरेटर भाड्यानं देतो. मी टेम्पो चालवतो, नाना मशीन लावतात आणि गिऱ्हाइकाशी भांडतात. भांडण नेहमी एकच. मशीन छताखाली ठेवायचं नाही!

कारण सांगून टाकतो. नानांचा धाकटा भाऊ दुकानात मशीन चालू ठेवून, पाऊस आत येऊ नये म्हणून शटर ओढून पडला होता. झोपला तो झोपलाच. मशीनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तेव्हापासून नाना ऐकत नाहीत, आणि बरंच करतात.

* * *

शिरपूरच्या एका शेठजींना मशीन दुकानाच्या आत हवं होतं. "नाना, बाहेर ठेवलं तर चोर घेऊन जाईल!"

"शेठ, बाहेर ठेवलं तर चोर मशीन नेईल. आत ठेवलं तर मशीन तुम्हाला नेईल!"

शेठजींनी साखळी आणली, समोरच्या निंबाला मशीन बांधलं आणि राखणीला स्वतः खुर्ची टाकून बसले, थेट धुराच्या तोंडाशी! नानांनी खुर्चीसकट त्यांना ओट्यावर आणून ठेवलं.

* * *

पहूरला लग्न होतं. मशीनच्या आवाजात मंगलाष्टकं ऐकू येईनात म्हणून नवरदेवाच्या मामांनी मशीन उचलून स्वयंपाकघरात नेलं. नाना धावले, मशीन बंद केलं. भर मुहूर्तावर माईक मुका! मामा भडकले.

"खिडकी उघडी आहे की! धूर जातो बाहेर!"

नाना तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या अक्का म्हणाल्या, "जातो तर मंग ह्या भिंती कायच्यानं काळ्या झाल्या रे?"

मामांनी स्वतः मशीन उचलून परसातल्या मोकळ्यावर नेलं. मंगलाष्टकं भटजींनी ओरडून म्हटली. लग्न लागलंच ना?

* * *

मग नानांनी गॅसचा अलार्म घेतला. हवेत विष वाढलं की तो केकाटतो. मशीनबरोबर तो घरात लावायलाही द्यायचा. सोनगीरला एका घरी दिला आणि दुसऱ्या दिवशी बघायला गेलो, तर अलार्म भिंतीवर गप्प. आत सेलच नाहीत!

घरातला पोरगा म्हणाला, "नाना, मॅच व्हती ना! सेल रिमोटमा टाकात!"

नानांनी रिमोट खिशात घातला आणि टेम्पोत येऊन बसले. आता आम्ही डिपॉझिट म्हणून टीव्हीचा रिमोट घेतो. अलार्ममध्ये सेल दाखवा, रिमोट घेऊन जा! लोक हसतात, पण सेल जागेवर राहतात.

* * *

आता खरा किस्सा नानांच्याच घरचा. श्रावणात त्यांच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. सगळे भाऊबंद जमतात, रोटांचा नैवेद्य होतो आणि बाया रात्रभर गाणी म्हणत जागतात. गेल्या श्रावणात संध्याकाळी आरतीच्या तोंडावर लाइट गेली, आणि पाऊस असा की अंगणात उभं राहवेना. ओल्यात मशीन चालवलं तर शॉकची भीती. नानांनी मशीन झाकून ठेवलं.

नानांचा एक पुतण्या म्हणाला, "नाना, ओसरीमा लावूत. दार उघडं शे ना!"

"नाही."

नानांच्या थोरल्या आत्या चिडल्या. "बठ्ठा गावले लाईट देस, आन कानबाईले अंधार?"

भाऊबंद कुजबुजायला लागले. जनरेटरवाल्याच्या घरी देवी अंधारात, उद्या गावभर होणार! दोघंतिघं तर मशीन उचलायला उठलेसुद्धा. नाना ओसरीच्या दारात आडवे उभे राहिले. आता घरातलेच लोक त्यांना बाजूला सारतात की काय!

तेवढ्यात आतून नानांची भावजय उठली. झोपेतच गेलेल्या त्याच धाकट्या भावाची बायको. तो गेल्यापासून ही बाई चारचौघांत कधी बोललेली मी ऐकली नाही. तिनं समई उचलून कानबाईसमोर ठेवली, वात पुढे सारली आणि सगळ्यांकडे वळली.

"अंधार माले चालस, कानबाईले बी चालई. पन आज ह्या घरमा कोन्ही झोपानं नही."